वीत आखूड नाही, पट्ट्या रुंद आहेत

तयार कपडे भारतीयांच्या अंगाला नीट बसत नाहीत, म्हणून भारतीयांची अंगे बेढब आहेत असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. मापे परकी आहेत, एवढाच निष्कर्ष आपण त्यातून काढतो. त्याच निष्कर्षापोटी निफ्ट या राष्ट्रीय संस्थेने १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० स्त्रीपुरुषांची सहा शहरांत त्रिमितीय स्कॅनरने मोजमापे घेण्याचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला आणि विज्ञानवार्ता वाचणाऱ्या आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. मात्र याच देशात पियानो शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा अंगठा आणि करंगळी सप्तकाच्या दोन टोकांवर एकाच वेळी सहज टेकली नाहीत, की निकाल तयार असतो : ‘हात लहान आहे, बोटे ताणायला शीक.’ सदऱ्याच्या बाबतीत दोष मापाचा आणि पियानोच्या बाबतीत दोष हाताचा, हा न्याय कुठला?

हा निकाल केवळ शिकवणीच्या खोलीत राहिला असता तर इथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ‘वीत वाढवा’, ‘रोज दहा मिनिटे बोटे ताणा आणि दोन पट्ट्या जास्त गाठा’ अशा चित्रफिती आता विज्ञानाचा साज चढवून फिरत आहेत. त्यांच्याखाली रबरी पट्टे आणि बोटांत अडकवायच्या पाचरी विकल्या जात आहेत. शिकणारी मुले त्या श्रद्धेने वापरतात आणि दुखू लागले की आपल्याच चिकाटीत उणेपणा शोधतात. म्हणून या प्रश्नाकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्याच नजरेने पाहावे, अशी माझी मागणी आहे.

आधी मापे घेऊ. आजच्या सर्वसाधारण पियानोवर एका सप्तकाची रुंदी सुमारे १६.५ सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा इंच असते. त्यात सात पांढऱ्या पट्ट्या मावतात. म्हणजे एक पट्टी साधारण २३.५ मिलिमीटर. पांढऱ्या एकच्या षड्जापासून तार षड्जापर्यंत जायचे तर पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत १६.५ सेंटिमीटर, तार रिषभापर्यंत १८.८ आणि तार गंधारापर्यंत २१.२ सेंटिमीटर अंतर पडते. पाश्चात्त्य संगीतात या शेवटच्या अंतराला दहावे म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या रचनांत ते पुष्कळदा एकाच हाताच्या एकाच आघातात मागितलेले असते.

आता हात. ऱ्होंडा बॉयल, रॉबिन बॉयल आणि एरिका बुकर यांनी ऑस्ट्रेलियात पियानोवादकांच्या वितीची मोजणी करून २०१५ साली तिचे निष्कर्ष मांडले. त्यांत प्रौढ पुरुषांची सरासरी वीत सुमारे २२.६ सेंटिमीटर आणि स्त्रियांची सुमारे २०.१ सेंटिमीटर आढळली. फरक अडीच सेंटिमीटरांचा, म्हणजे एका पांढऱ्या पट्टीपेक्षा किंचित अधिक. कागदावर हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण सरासरी पुरुषाची वीत सप्तकाच्या १.३७ पट भरते आणि सरासरी स्त्रीची १.२२ पट, म्हणजे सप्तक धरल्यावर पहिल्याच्या हातात सहा सेंटिमीटरांची मोकळीक उरते आणि दुसरीच्या हातात साडेतीन. त्या मोकळिकीतच वादन घडत असते. अंगठा आणि करंगळी टोकाला टेकलेली असताना मधल्या बोटांनी आणखी दोन स्वर धरायचे, त्यातला एक ठळक करायचा, पुढच्या कॉर्डकडे न अडखळता सरकायचे, हे सगळे उरलेल्या जागेत करायचे असते. तार गंधार तर सरासरी स्त्रीच्या वितीत मध्यापासून मध्यापर्यंत बसतच नाही. पट्टीच्या कडेवर बोट टेकवून, शेजारची पट्टी चुकून दाबली जाणार नाही अशी आशा करीत तो गाठावा लागतो.

यावर ‘वाद्य आहे तसे आहे, माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यावे’ असे उत्तर येते. काही वाद्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पन्नालाल घोषांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी शास्त्रीय संगीतात आणली, तेव्हा तिच्या छिद्रांमधले अंतर बोटांना अवघड जाणारच होते. छिद्र कुठे पाडायचे हे हवेच्या स्तंभाची लांबी ठरवते. ते बोटाच्या सोयीने हवे तेवढे सरकवले तर स्वर बिघडतो. तिथे बोटांना भौतिकशास्त्रापुढे मान तुकवावी लागते. पियानोच्या पट्टीला असे कोणतेही बंधन नाही. पट्टी ही एक तरफ आहे. तिच्या पुढच्या टोकावर बोट पडते आणि मागचे टोक हातोडीला चालना देते. तारांची लांबी, जाडी, ताण, हातोडीचे वजन, ध्वनिफलक यांपैकी कशालाही पुढच्या टोकाच्या रुंदीशी देणेघेणे नसते. पुढची टोके अरुंद ठेवून मागे तरफा पंख्यासारख्या पसरवल्या, तर तोच पियानो तोच स्वर देतो. ही कल्पना नुसती कागदावरची नाही. मूळ ग्रँड पियानोतला कीबोर्ड बाहेर काढून त्याच जागी असा अरुंद कीबोर्ड बसवतात. म्हणजे १६.५ हा आकडा निसर्गाचा नियम नाही. तो कारखान्याचा ठराव आहे.

हा ठराव फार जुनाही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या व्हिएन्नातील पियानोंचे सप्तक आजच्यापेक्षा सुमारे अर्धा सेंटिमीटर अरुंद असे आणि त्याआधीच्या वाद्यांत तर निर्मात्यागणिक माप बदलत असे. एकोणिसाव्या शतकात सभागृहे मोठी झाली, बिडाच्या चौकटी आल्या, कारखाने उभे राहिले आणि एकच माप सर्वत्र रूढ झाले. त्या काळी रंगमंचावरचे नामांकित वादक बहुतांशी पुरुष होते, हेही ध्यानात ठेवावे. पण एकच माप सर्वांना पुरत नाही हे निर्मात्यांना तेव्हाही ठाऊक होते. योझेफ होफमान (१८७६–१९५७) हा आपल्या काळातला अग्रगण्य वादक. त्याचे हात लहान होते. त्याला कोणी रबरी पाचरी दिल्या नाहीत. स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो घडवून दिले. नामवंताला जी सोय मिळाली तिची मागणी विद्यार्थिनीने केली, की तिला पळवाट म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

पाउल फोन यांको या हंगेरियन वादक-अभियंत्याने १८८२ साली सहा ओळींचा एक निराळाच कीबोर्ड योजला होता. त्यात सप्तक सुमारे १३ सेंटिमीटरांत मावे. तो टिकला नाही. कारण त्यासाठी बोटांची सारी व्यवस्था पुन्हा नव्याने शिकावी लागे आणि ते कोणाला परवडणार? या अपयशातला धडा कॅनडाचे वादक ख्रिस्तोफर डॉनिसन आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड स्टाइनब्यूलर यांच्या कामात दिसतो. त्यांच्या योजनेत पट्ट्यांची मांडणी तीच, काळ्या-पांढऱ्यांचा क्रम तोच, फक्त माप निराळे : साडेसहा इंचांच्या सप्तकाबरोबर सहा इंचांचे आणि साडेपाच इंचांचे सप्तक. साडेपाच इंची कीबोर्डवर एक पट्टी सुमारे २० मिलिमीटरांची होते आणि तार गंधार १८ सेंटिमीटरांवर येतो, म्हणजे नेहमीच्या पियानोवरच्या तार रिषभापेक्षाही जवळ. वरचे गुणोत्तर पुन्हा काढून पाहा. सरासरी स्त्रीची वीत सहा इंची सप्तकाच्या १.३२ पट आणि साडेपाच इंचीच्या १.४४ पट भरते. पुरुषाला नेहमीच्या पियानोवर मिळणारे १.३७ बरोबर या दोहोंच्या मधे पडते. तेव्हा या कीबोर्डांमुळे स्त्रीला काही अवास्तव लाभ होतो, हा आक्षेप साध्या भागाकारातच गळून पडतो.

आता ताणण्याकडे वळू. इथे वाचकाने स्वतःचा हात समोर धरावा. मूठ घट्ट आवळा आणि त्या स्थितीत बोटे एकमेकांपासून फाकवण्याचा प्रयत्न करा. फाकत नाहीत. बोटांच्या मुळाशी जे सांधे आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सांधा वाकला की ताठ होतात आणि सरळ झाला की सैल पडतात. म्हणून बोटे फाकवायची तर ती मुळाशी सरळ, चपटी करावीच लागतात. आता हात पूर्ण ताणून टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून पाहा. तिथले स्नायू कडक झालेले जाणवतील. याच अवस्थेत, बोटांची नैसर्गिक कमान मोडून, मनगट एका बाजूला कलवून, लहान विद्यार्थ्याने मिनिटामागून मिनिटे आघात करीत राहावे अशी आपली अपेक्षा असते. ताण ताणण्यामुळे येत नाही, ताणलेल्या स्थितीत जोर लावण्यामुळे येतो. हा भेद त्या चित्रफितींतून पूर्णपणे वगळलेला असतो.

मग व्यायामाने वीत वाढत नाही का? थोडी वाढते. अंगठा आणि तर्जनी यांमधली त्वचा व स्नायू सैलावतात, सांध्याची हालचाल काहीशी मोकळी होते. पण वितीचा मोठा हिस्सा हाडांच्या लांबीचा आहे. हाडे किशोरवयाच्या अखेरीस वाढायची थांबतात आणि रबर ओढल्याने लांबत नाहीत. एका पांढऱ्या पट्टीइतका फरक ताणून भरून काढायचा म्हणजे अस्थिबंधांवर हात टाकायचा, आणि सांध्याला सांधेपण देणारा तोच तर बंध आहे.

या हव्यासाला इतिहास आहे आणि तो फारसा सुखावह नाही. १८१४ साली योहान बर्नहार्ड लोगियर याने ‘कायरोप्लास्ट’ नावाची चौकट काढली. विद्यार्थ्याची मनगटे आणि बोटे तीत बंदिस्त केली जात. रॉबर्ट शुमान १८३०च्या दशकाच्या आरंभी आपल्या उजव्या हाताचे बोट सुधारण्यासाठी यांत्रिक साधन वापरीत होता, आणि त्याच सुमारास त्या हाताने वादक म्हणून त्याची साथ कायमची सोडली. साधनामुळे की मेंदूतील स्नायुनियंत्रणाच्या विकारामुळे, यावर वैद्यकांचे आजही एकमत नाही. म्हणून मीही सारा दोष त्या साधनावर टाकत नाही. पण फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक विल्यम फोर्ब्ज यांचे काय? अनामिका स्वतंत्रपणे उचलली जात नाही, कारण तिची कंडरा शेजारच्या कंडरांशी आडव्या तंतूंनी जोडलेली असते. मधले बोट तळहाताशी दुमडून अनामिका उचलून पाहा, म्हणजे ती जोडणी लगेच जाणवेल. फोर्ब्जनी १८८०च्या दशकात संगीतकारांच्या हातातले हे तंतू कापून ‘अनामिकेची मुक्तता’ करण्याची शस्त्रक्रिया केली आणि वैद्यकीय नियतकालिकांतून तिचा पुरस्कारही केला. लाकडाची पट्टी तासण्याऐवजी माणसाची कंडरा कापायला निघणे, इथवर माणसे गेली होती. आजचा रबरी पट्टा त्याच विचाराचा सौम्य वंशज आहे.

पुराव्याची बाजूही पाहिली पाहिजे. जपानी अस्थिशल्यचिकित्सक नाओताका साकाई यांनी अतिश्रमाने हात दुखणाऱ्या २०० व्यावसायिक पियानोवादकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. दुखण्यास कारण ठरलेल्या वादनप्रकारांत सप्तके आणि कॉर्ड, म्हणजे हात फाकवून वाजवण्याचेच प्रकार, ठळक होते. अमेरिकेत ब्रेंडा रिस्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली लहान हातांच्या वादकांच्या स्नायूंची विद्युत्-क्रिया आणि सांध्यांचे कोन दोन्ही आकारांच्या कीबोर्डवर मोजले. योशिमुरा आणि चेस्की यांनी २००९ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वेदनेची तीच तुलना केली. दोन्हींचा कल अरुंद कीबोर्डच्या बाजूने गेला. हे अभ्यास लहान आहेत. त्यांवरून छातीठोक विधाने करू नयेत. पण दिशा एकच आहे आणि ती शरीररचनेशी जुळते.

उलट बाजूचा एक पुरावा मात्र लपवणार नाही. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६६० संगीतकारांचा एक अभ्यास आला. मनगटाचे सांधे जन्मतः अतिलवचिक असलेल्या ९६ जणांपैकी पाच टक्क्यांना, तर तशी लवचिकता नसलेल्या ५६४ जणांपैकी १८ टक्क्यांना त्या सांध्यांत वेदना वा ताठरपणा होता. ताणाचे समर्थक हा आकडा हमखास पुढे करतील. पण त्यातली लवचिकता उपजत आहे, कमावलेली नाही. उंच माणसाला फळीवरचा डबा सहज काढता येतो, यावरून टाचा उंचावत राहिल्याने उंची वाढते असे सिद्ध होत नाही.

दुसरा आवडता दाखला आलिसिया दे लारोचा यांचा. या स्पॅनिश वादिकेची उंची पाच फुटांहून कमी, हात लहान, आणि तरीही राखमानिनॉफचा तिसरा कंचेर्तो त्यांनी गाजवला. मग इतरांना का जमू नये? एक तर, जे पोहोचले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात, वाटेत गळालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. आणि लारोचांच्या हाताचे वर्णन नीट वाचावे : करंगळी लांब, अंगठा व तर्जनी यांमधला पसारा मोठा. म्हणजे जिद्दीचे म्हणून सांगितले जाणारे हे उदाहरणही शेवटी शरीररचनेचेच निघते.

राखमानिनॉफचे नाव निघालेच आहे. त्याचे हात प्रचंड होते. त्याच्या दुसऱ्या कंचेर्तोच्या आरंभीच डाव्या हाताला दहाव्याचा पसारा असलेले कॉर्ड आहेत आणि पुष्कळ थोर वादक ते मोडून, एकामागून एक स्वर घेत वाजवतात. गंमत अशी की त्याच्या हातांविषयी वैद्यकीय नियतकालिकांत गंभीर चर्चा झाली : १९८६ साली मारफान विकाराची शंका, २००६ साली अतिवृद्धीच्या विकाराची. म्हणजे ज्या हातासाठी हे संगीत लिहिले गेले तो हात कदाचित रुग्णाचा असावा, असे वैद्यक म्हणते. आणि ज्या निरोगी हाताला ते पेलत नाही, त्याला शिकवणीत अपुरा ठरवले जाते!

परीक्षा मंडळे याबाबत अगदीच निष्ठुर आहेत असे नाही. भारतातले हजारो विद्यार्थी ज्या ब्रिटिश मंडळाच्या परीक्षा देतात, त्या एबीआरएसएमचे नियम लहान हाताच्या उमेदवाराला कॉर्ड मोडून वाजवण्याची किंवा एखादा स्वर गाळण्याची मुभा देतात. निष्पत्ती संगीतदृष्ट्या समाधानकारक असली म्हणजे झाले. ही मुभा माणुसकीची आहे, पण तिचा अर्थ असा की स्वर गाळावा लागला तरी चालेल, पट्टी मात्र हलणार नाही. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला अर्धे, पाऊण मापाचे वाद्य देताना याच पाश्चात्त्य परंपरेला संकोच वाटत नाही. आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर जनानी हवा की मर्दानी, असे आधी विचारतात. तिथला भेद गळ्याच्या पट्टीचा आहे, हाताचा नाही, हे खरे. पण वाजवणाऱ्या माणसाला पाहून वाद्य घडवावे, ही समज त्या कारागिराकडे आहे.

‘आपल्या देशात असे कीबोर्ड आणायचे कोणी आणि परवडणार कोणाला?’ हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. ग्रँड पियानोचा कीबोर्ड बदलणे महाग आहे, यात वाद नाही. परंतु आपल्याकडे बहुसंख्य मुले ग्रँड पियानोवर शिकतातच कुठे? ती शिकतात डिजिटल पियानोवर आणि घरातल्या कॅसिओवर. त्यात तार नाही, हातोडी नाही, प्लास्टिकची पट्टी आणि तिच्याखाली संवेदक. छोट्या पट्ट्यांची खेळणीवजा वाद्ये तर बाजारात कधीपासून आहेत. म्हणजे अरुंद पट्टी घडवणे अशक्य नाही. वजनदार, खऱ्या पियानोसारख्या स्पर्शाची अरुंद पट्टी मात्र कोणी मागत नाही, म्हणून सहजी मिळत नाही.

मागणी करण्याइतके ज्ञान या देशात आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय अंगमापांचा ग्रंथ १९९७ सालीच प्रसिद्ध केला. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतात राबणाऱ्या स्त्रीपुरुषांची अंगमापे आणि बळ मोजून २००९ साली त्यांचे संकलन काढले. कारण पुरुषाच्या मुठीसाठी घडवलेली अवजारे बाईच्या हाताला जाचतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी ओळखले होते. विळ्याच्या मुठीला जे लागू, ते पियानोच्या पट्टीला का नाही? पियानो हे श्रीमंतांचे खूळ म्हणून हा प्रश्न झटकू नये. दिवसाकाठी चार-चार तास एकाच साधनावर हात चालवणारी व्यक्ती श्रमिकच असते, मग ती शेतात असो वा संगीतशाळेत. डिझाइनच्या एखाद्या विद्यार्थ्याने पदवीचा प्रकल्प म्हणून साडेपाच आणि सहा इंची सप्तकाचा वजनदार डिजिटल कीबोर्ड बनवावा, आणि संगीतशाळांनी नवे वाद्य घेताना विक्रेत्याला आवाजाइतकेच पट्टीच्या मापाबद्दलही विचारावे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी म्हणजे अंगुळ, आणि बारा अंगुळांची वितस्ति, म्हणजे आपली वीत. राज्याची जमीन मोजायला कोणातरी एका मध्यम पुरुषाचे बोट ठरवून घेणे सोयीचे होते. प्रत्येकाच्या हाताखाली येणारे वाद्य त्याच मध्यम पुरुषाला जोखून का करावे, याचे सोयीपलीकडचे कारण मला तरी सापडलेले नाही.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. टेबलाच्या कडेला मोजपट्टी चिकटवा. हात सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने न ओढता, जितका आपोआप फाकतो तितकाच फाकवा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर मिलिमीटरपर्यंत नोंदवा. दोन्ही हात, प्रत्येकी तीनदा. नाव नको, वय, लिंग आणि वाद्य वाजवत असाल तर किती वर्षे, एवढेच खाली प्रतिसादात लिहा. स्वतःहून लिहिणाऱ्यांचे आकडे म्हणजे सर्वेक्षण नव्हे, हे मला मान्य आहे. पण आपल्या वर्गातल्या तीस हातांपैकी किती हात तार गंधाराच्या २१.२ सेंटिमीटरांना पुरतात, ते तरी आज संध्याकाळपर्यंत कळेल. आणि मोजताना दुखू लागले तर तिथेच थांबा. तो आकडाही लिहा.